सरकारी तिजोरी आणि वाट चुकलेलें मूल

एकाद्या राज्याच्या मनांत काय आहे, हें त्याच्या घोषणांपेक्षां त्याच्या जमाखर्चावरून लवकर कळतें. वाट चुकलेल्या मुलाविषयींचा कळवळा सर्वच राज्यकर्त्यांनीं वेळोवेळीं बोलून दाखविला आहे. परंतु त्या मुलाच्या नांवावर तिजोरींतून किती पैसा निघाला, कोणत्या कामासाठीं निघाला आणि कोणत्या अटीवर निघाला, हें पाहूं गेल्यास निराळाच इतिहास हातीं लागतो. पहाऱ्यावर झालेला खर्च आणि मुलाच्या ताटांत पडलेला खर्च हे दोन्ही कागदावर एकाच सदराखालीं मांडतां येतात. त्या दोहोंमध्यें अंतर किती, आणि तें कमी होण्यास किती काळ लागला, हाच प्रस्तुत विषय होय.

हा इतिहास पाहण्यास सातारा-सांगलीचा मुलूख फार सोयीचा आहे. कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या कांठची काळीभोर जमीन आणि माण, खटाव, आटपाडी, जत येथील पावसाची वाट पाहणारें माळरान हीं येथें शेजारीं शेजारीं नांदतात. राज्यव्यवस्थेच्या दृष्टीनेंही हा भाग एकसंध नव्हता. १८४८ सालीं छत्रपतींचें सातारचें राज्य खालसा होऊन तेथें इंग्रजी अंमल आला. परंतु त्याच्या पोटांत आणि कडेला सांगली, मिरज, जत, औंध, फलटण हीं संस्थानें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायम होतीं. आज ज्यास सांगली जिल्हा म्हणतात, तो १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निघाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणून वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके जुन्या कागदांत साताऱ्याखालींच सांपडतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

इंग्रजी अंमलापूर्वीं या भागाच्या गांवगाड्यांत रखवालीचें काम बहुधा रामोशांकडे असे. त्याबद्दल त्यांस गांवाकडून हक्काचें धान्य मिळे. कोणास थोडीफार जमीनही असे. नव्या राज्यांत पोलीसखातें निघालें, जुने हक्क आटत गेले, आणि कालपर्यंत जो रखवालदार होता तोच आज संशयित ठरला. १८७१ सालचा गुन्हेगार जातींचा कायदा आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यांतही लागू करण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर इलाख्यांतील रामोशी, मातंग, कैकाडी, पारधी अशा अनेक समाजांच्या माथीं हा शिक्का बसला. नांवें नोंदवहींत चढलीं. ठराविक वेळीं हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं, असा जाच सुरू झाला. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरींत याच मुलखांतील, याच जाचाखालीं वावरणाऱ्या समाजाचें चित्र रेखाटलें आहे.

या कायद्यांत मुलांचाही विचार केलेला होता. परंतु तो कसा, हें पाहण्यासारखें आहे. नोंदलेल्या समाजांतील सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून वेगळें काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा-शाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारनें आपल्या हातीं घेतला. त्यासाठीं मुलानें कांहीं अपराध केलेला असावा असें बंधन नव्हतें. तें कोणत्या घरीं जन्मलें एवढें पुरे होतें. सोलापूर, विजापूर, हुबळी वगैरे ठिकाणीं या लोकांच्या वसाहती वसविण्यांत आल्या. वसाहतींचे अधिकारी स्टार्ट साहेब यांनीं तेथें शाळा, उद्योग आणि गिरणींतील काम यांची जोड घालून दिली. पुढें दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं सरकारनें जी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सभासद होते. या गृहस्थांची कळकळ नाकारण्याचें कारण नाहीं. तरीही ज्या शाळेच्या दारावर पहारा असतो, तेथें गेलेलें मूल बाराखडीच्या आधीं पहाराच शिकतें. सरकारचा पैसा या मुलांवर पडला हें खरें. पण तो त्यांच्या भवितव्याची चिंता म्हणून पडला कीं त्यांच्या भीतीपोटीं पडला, याचें उत्तर तारेच्या कुंपणानेंच देऊन ठेविलें होतें.

जन्मानें गुन्हेगार ठरविलेल्या मुलांची ही कथा झाली. एकट्यादुकट्या मुलाच्या हातून अपराध घडला तर काय होई, तेंही पाहिलें पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेनें सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य अपराध मानावयाचें नाहीं असें ठरविलें. सात ते बारा या वयांत त्याची समज पाहावयाची होती. त्यापूर्वीं १८५० सालीं एक कायदा झाला होता, त्याअन्वयें दहा ते अठरा वर्षांच्या निराधार किंवा अपराधी मुलास एकाद्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून बांधून देतां येई. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची औद्योगिक शाळा निघाली. ती एका व्यापारी घराण्याच्या औदार्यांतून उभी राहिली, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. सरकारचें पाऊल मागाहून पडलें. १८७६ व १८९७ या सालीं सुधारणा-शाळांचे कायदे झाले. त्यांपैकीं दुसऱ्यानें पंधरा वर्षांखालील अपराधी मुलास तुरुंगाऐवजीं तीन ते सात वर्षें अशा शाळेंत ठेवण्याची तरतूद केली. येरवड्यास अशी एक शाळा होती.

तुरुंगापेक्षां शाळा केव्हांही बरी, यांत संशय नाहीं. परंतु माण तालुक्यांतील एकाद्या मुलास येरवड्यास पाठविणें म्हणजे काय, याचा विचार त्या काळीं फारसा झाला नाहीं. ज्या बापाला बाजाराच्या दिवशीं दहिवडीपर्यंत जावयास दोन आणे जड, तो पुण्यास मुलाला भेटावयास कसा जाणार? मुलगा सुटून परत येई तेव्हां त्याला गांव ओळखीत नसे आणि गांवाला तो नकोसा झालेला असे. शिवाय हे कायदे अपराध घडल्यानंतरचे होते. १८७६-७७ च्या दुष्काळांत सातारा जिल्ह्याचा पूर्वभाग होरपळून निघाला. १८९६ नंतरच्या दुष्काळांनीं त्यावर पुन्हां घाव घातला. अशा वर्षीं धान्याच्या चोऱ्या होतात, मुलें पोरकीं होतात, घरें उठून जातात. त्या मुलाला वेळेवर भाकरी मिळावी यासाठीं या कायद्यांत एकही कलम नव्हतें. त्यानें भाकरी चोरल्यावर मात्र कायदा, न्यायाधीश, शिपाई आणि शाळा सर्व हजर! बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण अशा कारभारालाच शोभते.

या विचारांत पालट घडला तो साऱ्या जगांतच. अमेरिकेंत शिकागो येथें १८९९ सालीं मुलांचें पहिलें स्वतंत्र न्यायालय सुरू झालें. इंग्लंडांत १९०८ सालीं मुलांचा कायदा झाला. मूल हें लहान आकाराचा गुन्हेगार नसून वाढीच्या वयांतील माणूस आहे, हें तत्त्व या दोहोंच्या मुळाशीं होतें. हिंदुस्थानांत १९१९-२० सालीं तुरुंगांची चौकशी करणाऱ्या कार्ड्यू समितीनें हेंच तत्त्व उचलून धरलें. त्यानुसार मद्रासेंत १९२० सालीं, बंगाल्यांत १९२२ सालीं आणि मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांचे कायदे झाले.

मुंबईच्या कायद्याची रचना समजून घेणें जरूर आहे, कारण पुढील शंभर वर्षांची सारी इमारत याच पायावर उभी आहे. चौदा वर्षांखालील तें ‘मूल’ आणि चौदा ते सोळा या वयांतील ती ‘तरुण व्यक्ति’, अशी वांटणी त्यानें केली. अशा मुलाचा खटला मोठ्या माणसांच्या कोर्टांत न चालवितां बालन्यायालयांत चालवावा. चौकशी पुरी होईपर्यंत त्यास कोठडींत न ठेवतां रिमांड होममध्यें ठेवावें. प्रोबेशन अधिकाऱ्यानें त्याच्या घरची, शेजारची, शाळेची माहिती काढावी. आणि मग त्यास आईबापांच्या, एकाद्या योग्य गृहस्थाच्या किंवा सरकारमान्य शाळेच्या स्वाधीन करावें, असा तो क्रम होता. ज्यानें अपराध केलेला नाहीं, पण जें निराधार आहे, भीक मागतें आहे किंवा ज्याचा छळ होतो आहे, अशा मुलाचाही त्यांत समावेश होता. अपराधी आणि अनाथ हीं एकाच गरिबीचीं दोन लेकरें आहेत, ही ओळख सरकारी कागदावर या कायद्यानें उमटविली.

कागदावर उमटलेली ओळख गांवोगांवीं पोंचावयास मात्र काळ लागला. १९२४ चा कायदा १९२७ सालीं मुंबई शहरांत अंमलांत आला आणि त्याच वर्षीं तेथें चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली. इतर भागांस तो हळूहळू, स्वतंत्र जाहीरनाम्यांनीं लागू होत गेला. याचें कारण पैशाच्या व्यवस्थेंत होतें. सरकार स्वतः सर्वत्र घरें उघडणार नव्हतें. शहरांतील सज्जनांनीं संस्था काढावी, वर्गणी जमवावी, जागा मिळवावी, आणि मग सरकारनें मुलांच्या संख्येप्रमाणें अनुदान द्यावें, अशी ही पद्धत होती. मुंबईस शेठ-सावकारांची वाण नव्हती. परंतु जेथें दाते थोडे तेथेंच निराधार मुलें फार, आणि जेथें निराधार मुलें फार तेथें अनुदान मिळविण्याजोगी संस्था उभी राहणें कठीण! जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलाला या पद्धतीनें मुंबईच्या मुलाच्या मागें उभें केलें. संस्थानांतील मुलाची स्थिति त्याहूनही निराळी. मुंबईचे कायदे तेथें आपोआप लागू होत नसत. त्यामुळें कृष्णेच्या एका कांठीं मुलास जें संरक्षण मिळण्याची आशा करतां येई, तें दुसऱ्या कांठीं तेथील दरबाराच्या मर्जीवर राही.

दरबाराची मर्जी चांगली असली म्हणजे काय होऊं शकतें, याचेंही एक उदाहरण याच मुलखांत आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं प्रजेस राज्यकारभाराचे अधिकार दिले. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडांतून आलेल्या गृहस्थाच्या प्रेरणेनें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत निघाली. जन्मठेपेच्या कैद्यांना तेथें भिंतीवांचून, बेड्यांवांचून, शेतीच्या कामावर ठेवलें आणि त्यांच्या बायकामुलांस बरोबर राहूं दिलें. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे आटपाडीच्याच परिसरांतले. स्वतंत्रपूर मोठ्या माणसांसाठीं होतें, मुलांसाठीं नव्हतें. तथापि त्यांतून मुलांनाही लागू पडणारी एक गोष्ट सिद्ध झाली : विश्वासाला उंच भिंतीइतका खर्च येत नाहीं, आणि बाप घरीं असला म्हणजे मुलगा रस्त्यावर येत नाहीं.

मूल रस्त्यावर येण्यापूर्वींच त्याला हात देण्याचें सर्वांत मोठें काम मात्र सरकारनें केलें नाहीं, संस्थानिकांनींही केलें नाहीं. तें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं केलें. १९१० च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यांतील दूधगांवीं कांहीं मित्रांसह त्यांनीं विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करण्याच्या कामास हात घातला. १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें. तेथील वसतिगृहांत मराठा, महार, मातंग, रामोशी, जैन, मुसलमान अशा सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं. १९२७ सालीं गांधीजींनीं त्यास ‘छत्रपति शाहू बोर्डिंग’ असें नांव दिलें. खर्चाची तोंडमिळवणी गांवोगांवच्या मूठभर धान्यावर चाले. मुलें स्वतः शेतांत राबत, स्वयंपाक करीत, दगड फोडीत. कोठारांत धान्य उरलें नाहीं अशा वेळीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने, शेवटीं मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठीं विकलें. १९३० सालीं त्या वारल्या.

ज्या घरांतील मुलांचीं नांवें एके ठिकाणीं पोलिसांच्या हजेरीच्या वहींत जात होतीं, त्याच घरांतील मुलांचीं नांवें दुसऱ्या ठिकाणीं वसतिगृहाच्या हजेरीपटावर चढत होतीं. दोन्ही वह्या एकाच काळांतल्या, एकाच मुलखांतल्या. पहिल्या वहीचा खर्च सरकार बिनबोभाट सोशीत होतें. दुसरीसाठीं एका बाईस मंगळसूत्र मोडावें लागलें. या काळाचा जमाखर्च यापरता अधिक स्पष्ट करून सांगतां येणार नाहीं.

पुढें काळ पालटला. लोकांचें सरकार आलें, शिक्षणाचा खर्च वाढला, रयत संस्थेच्या शाळांसही सरकारी अनुदान मिळूं लागलें. १९४८ सालीं गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलें काढण्याचा संकल्प भाऊरावांनीं सोडला. त्या क्षुब्ध दिवसांत त्यांनीं जाहीर सभांतून सरकारच्या कारभारावर टीका केली, आणि मुंबई सरकारनें त्यांच्या संस्थेचें अनुदान बंद केलें. गाडगेमहाराजांसारखे लोकांच्या हृदयांत घर केलेले पुरुष भाऊरावांच्या पाठीशीं उभे राहिले. संस्थेनें पुन्हां लोकांपुढें झोळी पसरली. आणि पुढें अनुदान पूर्ववत् सुरू झालें.

या प्रसंगाकडे केवळ दोन थोर पुरुषांमधील मतभेद म्हणून पाहून चालणार नाहीं. त्या वेळचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे सात्त्विक, गरिबांविषयीं आस्था बाळगणारे गृहस्थ होते. आश्चर्य असें कीं, त्यांच्याच सरकारनें त्याच १९४८ सालीं मुलांचा नवा, अधिक व्यापक कायदा केला, आणि १९४९ सालीं गुन्हेगार जातींचा कायदा मुंबई राज्यांत रद्द करून हजेरीची बेडी तोडली. साऱ्या देशांत ती १९५२ सालीं तुटली. म्हणजे एकाच हातानें एकाच वर्षांत मुलांना कायद्याचें छत्र दिलें आणि वसतिगृहाच्या कोठाराची किल्ली काढून घेतली. हेतु वाईट होता असें म्हणतां येत नाहीं. दोष होता तो अनुदानाच्या कल्पनेंतच. अनुदान हा सरकारनें संस्थाचालकावर केलेला उपकार आहे, असें दोन्ही बाजूंस वाटत असे. उपकार म्हटला कीं तो रागलोभाच्या अधीन झाला. चालकानें भाषण केलें आणि ताट मुलाचें रिकामें झालें! त्या मुलानें तर कोणत्याच सभेंत तोंड उघडलें नव्हतें.

पुढील पाऊणशें वर्षांचा इतिहास म्हणजे हा उपकार हक्कांत बदलण्याची सावकाश चाललेली खटपट होय. १९४८ च्या कायद्याखालीं जिल्ह्याजिल्ह्यांत बालन्यायालयें निघालीं, परिविक्षा व अनुरक्षण संघटना उभ्या राहिल्या, रिमांड होमांचीं निरीक्षणगृहें झालीं. संस्थानें विलीन झालेलीं असल्यामुळें कृष्णेच्या दोन्ही कांठांना आतां एकच कायदा होता. सांगलीस दादूकाका भिडे यांच्या नांवानें मुलांचें निरीक्षणगृह चालतें. साताऱ्यासही निरीक्षणगृह आहे. जागा व चालक स्थानिक, देखरेख व अनुदान सरकारी, ही १९२७ ची जोडव्यवस्था येथेंही कायम राहिली, आणि तिचे गुणदोषही कायम राहिले. गुण हा कीं, गांवांतील वकील, डॉक्टर, शिक्षक यांस या मुलांविषयीं आपलेपणा वाटतो. दोष हा कीं, संस्थेनें आधीं खर्च करावयाचा, मग तपासणी, मग मंजुरी, आणि मग हप्त्याहप्त्यानें पैसा. मुलाची भूक तर रोज दोन वेळां न चुकतां येते. अनुदान मात्र पुष्कळदां वरातीमागून घोडें यावें तसें येतें.

१९८६ सालीं साऱ्या देशास एकच बालन्याय कायदा मिळाला. कोणत्याही मुलास कोठडींत अथवा तुरुंगांत ठेवतां येणार नाहीं, असें त्यानें निक्षून सांगितलें. बालकांच्या हक्कांचा जो करार संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं संमत केला, त्यास भारतानें १९९२ सालीं मान्यता दिली. त्यास अनुसरून २००० सालच्या कायद्यानें मुलगा व मुलगी दोघांसही अठरा वर्षांपर्यंत बालक ठरविलें. २०१५ चा कायदा आज लागू आहे. त्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून अत्यंत घोर अपराध घडल्यास निराळ्या चौकशीची तरतूद केली, आणि त्याविषयीं मतभेदही पुष्कळ झाले. परंतु बाकीची चौकट मुलाच्या बाजूची आहे. एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक, त्यांत एक स्त्री, असें बाल न्याय मंडळ अपराधाचा विचार करतें. निराधार मुलांसाठीं पांच जणांची बाल कल्याण समिति असते. ‘अपराधी मूल’ हा शब्दही सरकारी भाषेंतून गेला. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असें त्यास म्हणतात. शब्द बोजड खरा, पण हजेरीच्या वहींतील शब्दापेक्षां त्यांत माणुसकी अधिक आहे.

पैशाची बाजूही पालटली. पूर्वीं हा भार मुख्यतः राज्याच्या तिजोरीवर असे. २००९ सालापासून केंद्र सरकारनें एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली. तिचेंच नवें रूप म्हणजे ‘मिशन वात्सल्य’. महाराष्ट्रासारख्या राज्यांत तिचा खर्च केंद्रानें शेंकडा ६० व राज्यानें शेंकडा ४० असा सोसावयाचा असतो. संस्थेंत राहणाऱ्या मुलामागें दरमहा ३,००० रुपये, आणि आपल्याच आप्तांच्या घरीं राहून आधार मिळालेल्या मुलामागें दरमहा ४,००० रुपये, असे तिचे दर ठरविण्यांत आले. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजनाही आहे. तिची मासिक रक्कम २०२३ सालीं १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यांत आली.

या आंकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, ती आवर्जून पाहिली पाहिजे. संस्थेंतील मुलापेक्षां घरांतील मुलामागें अधिक रक्कम धरण्यांत आली आहे. ज्या राज्यव्यवस्थेनें एके काळीं मुलास घरापासून तोडण्यासाठीं पैसा खर्चिला, तीच आतां मूल घरीं राहावें म्हणून पैसा देऊं लागली. विधवा आईस, म्हाताऱ्या आजीस, मामास मिळणारी ही रक्कम थोडी असेल. पण ती वेळेवर पोंचली तर माण तालुक्यांतील मुलास येरवड्याची वाट धरावी लागत नाहीं. शंभर वर्षांत झालेली खरी सुधारणा ती हीच.

परंतु हक्क कायद्यांत लिहिला म्हणजे तो दारांत पोंचला असें होत नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयास एका खटल्यांत सर्व राज्यांना बजावावें लागलें कीं, मंडळें व समित्या यांतील रिकाम्या जागा भरा, त्यांच्या बैठका नियमितपणें होऊं द्या. ज्या मंडळाची बैठक होत नाहीं त्याच्यापुढील मुलगा निरीक्षणगृहांत दिवस मोजीत राहतो. त्याचा अपराध सिद्ध झालेला नसतो, तरी त्याची शाळा सुटलेली असते. आईला रक्कम मंजूर झाली, पण दाखला, खातें, चौकशी यांत सहा महिने गेले, तर मधल्या काळांत त्या घरीं काय शिजलें, हें मंजुरीच्या कागदावर लिहिलेलें नसतें. दयेवर चालणारा कारभार रागानें थांबतो. हक्कावर चालणारा कारभार आळसानें थांबूं शकतो. मुलाच्या ताटाला दोहोंचा परिणाम सारखाच.

अठरा वर्षें पुरीं झाल्यानंतरचा प्रश्न तर अजून नाजूक आहे. त्या दिवशीं मुलगा किंवा मुलगी संस्थेंतून बाहेर पडते. एकवीस वर्षांपर्यंत त्यांस आधार द्यावा, शिक्षण, राहणें आणि उद्योग यांची सोय पाहावी, असें कायदा सांगतो. त्यास अनुरक्षण म्हणतात. सातारा-सांगलीच्या लोकांना ही कल्पना नवी वाटण्याचें कारण नाहीं. कमवा आणि शिका, राबा आणि मान ताठ ठेवून जेवा, हा जो मार्ग भाऊरावांनीं धननीच्या बागेंतील वसतिगृहांत घालून दिला, तो अनुरक्षणाचाच होता. फरक एवढाच कीं, त्या वेळीं मागें एक झोळी होती; आतां मागें कायदा आहे आणि तिजोरींत त्यासाठीं पैसाही धरलेला आहे.

म्हणून शहरांतील सुशिक्षित घरांनीं या कामाकडे दानधर्म म्हणून पाहण्याचे दिवस गेले. सणावारीं निरीक्षणगृहांत मिठाई वांटणें वाईट नाहीं. पण आपल्या जिल्ह्याच्या मंडळाच्या बैठका महिन्यांतून किती झाल्या, बालसंगोपनाचे अर्ज किती पडून आहेत, आणि गेल्या वर्षाचें अनुदान संस्थांच्या हातीं केव्हां पडलें, हें विचारणें त्याहून मोलाचें आहे. जो नागरिक रस्त्याचा आणि पाण्याचा हिशेब मागतो, त्यानें हाही हिशेब मागावा. मुलाला स्वतः तो मागतां येत नाहीं. १९४८ सालीं साताऱ्याच्या वसतिगृहांतील मुलांनाही तो मागतां आला नव्हता.